ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींचा वंशशोध

ॲबोरिजिनल लोक आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी या ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींनी आपले पूर्वज, नातलग आणि मूळ भूमी यांचा घेतलेला शोध. यात हौसेचा भाग थोडाच असतो. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी खात्यांनी आणि मिशनऱ्यांनी, विशेषतः मिश्रवंशीय, मुले आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवली. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाच्या अंदाजानुसार हे प्रमाण दहांत एक ते तिनांत एक एवढे होते. अनेकांची नावे बदलली गेली. त्यामुळे या ‘चोरलेल्या पिढ्यां’मधील कित्येकांसाठी वंशशोध म्हणजे जन्मदात्या आईचा शोध असतो.

ज्यांनी घरे मोडली, त्यांच्याच दप्तरात घरांचा पत्ता सापडतो. व्हिक्टोरिया (१८६९), क्वीन्सलँड (१८९७), वेस्टर्न ऑस्ट्रेलिया (१९०५) व न्यू साउथ वेल्स (१९०९) येथील ‘संरक्षण’ कायद्यांखाली राहणे, लग्न, मजुरी यांवर अधिकाऱ्यांची कमी-अधिक हुकमत चाले. साहजिकच फायली जमल्या. जन्मनोंद मात्र पुष्कळांची झालेलीच नसे. राज्यघटनेचे कलम १२७ तर लोकसंख्या मोजताना मूलनिवासींना वगळायलाच सांगत होते. ते १९६७ च्या सार्वमतानंतर गेले. फायलींतली भाषा अनेकदा अपमानकारक आहे, आणि एकच माणूस मिशनमध्ये एका नावाने, मळ्यावर दुसऱ्या नावाने भेटतो. म्हणून नोंद कोणाची हे पाहण्याबरोबर ती कोणी, कशासाठी केली हेही पाहावे लागते. मानवशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांनी १९३८–३९ मध्ये गोळा केलेल्या वंशावळी व छायाचित्रे यांमागे वंशभेदांच्या अभ्यासाचा हेतू होता. आज ॲडलेडच्या संग्रहालयातील त्याच छायाचित्रांत नातवंडांना आजी-आजोबा भेटतात.

कागदाचा आणि नात्याचा हिशेब जुळेलच असे नाही. अनेक समाजांत आईची बहीण ही आईच. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे कळायला वेळ लागू नये, पण वंशवृक्षाच्या छापील तक्त्यात दोन आयांना जागा नसते. वार्लपिरी लोकांत जन्मानेच ठरणारे आठ नातेवर्ग आहेत. जपालजारी वर्गातल्या पुरुषाची बहीण नपालजारी वर्गातली. मृताचे नाव उच्चारणे अनेक ठिकाणी निषिद्ध असल्याने वडीलधाऱ्यांना थेट नावे विचारणेही अवघड जाते.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या, कॅनबेरातील ‘आयॅट्सिस’ या मूलनिवासींविषयीच्या अभ्याससंस्थेकडे व्यक्तींच्या नावांची चरित्रसूची आहे. १९८० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये कॉरल एडवर्ड्स व पीटर रीड यांनी सुरू केलेली ‘लिंक-अप’ ताटातूट झालेल्यांची भेट घडवते. ओळख सिद्ध करताना वंश, स्वतःची जाणीव आणि समाजाची मान्यता असे तीन निकष सहसा लावतात; केवळ डीएनए चाचणीने भागत नाही. जातपडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरलेल्यांना यातली दमछाक ओळखीची वाटेल.

जमिनीच्या हक्कासाठीही वंशावळ पुरावा ठरते. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो यांनी बेटावरच्या जमिनीवर हक्क सांगितला. त्यांना आई वारल्यावर मामाने वाढवले होते. रूढीनुसार झालेल्या या दत्तकविधानावर उभा असलेला त्यांचा वैयक्तिक दावा १९९० मध्ये क्वीन्सलँडच्या न्यायालयात टिकला नाही. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (हे तिथले सर्वोच्च न्यायालय) मेर बेटावरच्या मेरियम लोकांचा भूमिहक्क मान्य केला, तेव्हा माबो हयात नव्हते. ते त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.