प्लॅन, थ्रीडी व्ह्यू आणि हरवलेली उंची

सोलापुरात घर बांधायला काढलं, मग प्लॉट जुळे सोलापुरात असो की होटगी रोडला, आर्किटेक्टकडून दोन प्रकारची चित्रं हातात येतात. एक प्लॅन, महापालिकेत मंजुरीला जाणारा, नुसत्या रेघांचा. दुसरा थ्रीडी व्ह्यू: निळंशार आभाळ, हिरवळ, पोर्चमध्ये चकचकीत गाडी. प्लॅन गुंडाळून कपाटावर जातो आणि व्ह्यू व्हॉट्सॲपवरून सगळ्या पाहुण्यांना. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं.

प्लॅन म्हणजे वरून काढलेला फोटो नव्हे. वरून पाहिलं तर स्लॅबच दिसेल. जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला अशी कल्पना करायची. उरलेलं वरून जसं दिसेल तसं कागदावर उतरवायचं. म्हणून प्लॅनमध्ये खिडकी दिसते, पण छताजवळचा माळा तुटक रेघेने दाखवावा लागतो. जिना मध्येच एका तिरक्या रेघेवर तुटतो, कारण कापाच्या खाली तेवढ्याच पायऱ्या आल्या. लांबी आणि रुंदी या दोन मिती शाबूत राहतात, उंची जाते.

त्या बदल्यात मिळतं ते माप. १:१०० च्या प्लॅनवर एक सेंटीमीटर म्हणजे जागेवर एक मीटर, कागदाच्या या टोकाला आणि त्या टोकालाही. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. सहा फूट रुंदीचा पलंग ठेवला की चार फूट उरले. समोर दोन फूट खोलीचं कपाट आलं की उरले दोन. त्यात कपाटाचं दीड फुटाचं दार उघडायचं आणि माणसानेही उभं राहायचं! हा हिशेब पट्टी घेऊन दोन मिनिटांत होतो.

व्ह्यूवर पट्टी चालत नाही. त्यात जवळचं मोठं, लांबचं लहान. समांतर भिंती लांब जाता जाता एकमेकींकडे झुकतात. डोळ्याला ते खरं वाटतं, कारण डोळ्यालाही तसंच दिसतं. पण फरशीची पहिली टाइल आणि शेवटची टाइल कागदावर सारख्या मापाच्या राहत नाहीत. शिवाय कॉम्प्युटरमधला कॅमेरा भिंतीच्या पलीकडेही नेता येतो. मधली भिंत लपवली की झालं. दहा फुटांच्या खोलीकडे वीस फुटांवरून पाहायची सोय चित्रात असते, घरात नसते. म्हणून चित्रातला हॉल ऐसपैस वाटतो.

आणि हा व्ह्यू तरी खरा त्रिमितीय कुठे असतो? मोबाइलचा पडदा सपाटच. डोळ्यातला पडदाही वस्तूची खोली टिपत नाही, त्यावर उमटतं ते द्विमितीय चित्र. खोली मेंदू काढतो, खुणांवरून. खांबाने खिडकी झाकली, म्हणजे खांब पुढे. सावली पडली, म्हणजे काहीतरी वर उचललेलं आहे. सर्वांत भरवशाची खूण मात्र दोन डोळ्यांची: त्यांच्यात सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असल्याने प्रत्येकाला किंचित वेगळं चित्र मिळतं आणि त्या फरकातून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे दाखवून दिलं. एकाच वस्तूची दोन रेखाचित्रं, एक डाव्या डोळ्याला दिसेल तशी आणि एक उजव्या, आरशांच्या मदतीने ज्याच्या त्याच्या डोळ्यापुढे ठेवली, आणि सपाट रेघा ठसठशीत उभ्या राहिल्या. आजचे व्हीआर चष्मे याच तत्त्वावर चालतात.

हा फरक जवळच उपयोगी पडतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून शंभर मीटरवरचं काही पाहिलं, तर मीटरभर पुढेमागे असलेल्या दोन गोष्टींतला फरक नुसत्या दोन डोळ्यांच्या जोरावर कळत नाही. तिथे मेंदू झाकणं, सावली, आकार यांवरच भिस्त ठेवतो. किंवा आपण चालू लागतो: जवळचं भराभर सरकतं, लांबचं हळू.

सावली दगाही देते. बाजूच्या भुईकोट किल्ल्याची उपग्रहातून घेतलेली प्रतिमा पाहा. दुहेरी तटबंदी आणि खंदक, पण वरून सगळ्या रेघाच. उंच काय, खोल काय, हे सावलीच सांगणार. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सोडला तर सोलापुरात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, आणि नकाशात दक्षिण खाली. म्हणजे चित्रात उजेड खालून आलेला. अशा वेळी खोलगट जागा टेकाडासारखी भासू शकते. चित्र उलटं धरलं की पुन्हा खड्डा.

तर प्लॅनमध्ये उंची नाही आणि व्ह्यूमध्ये माप नाही. यावर तोडगा अठराव्या शतकात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने शिस्तीत बसवला: एकाच वस्तूची वेगवेगळ्या दिशांनी सपाट चित्रं काढायची आणि ती एकमेकांशी जुळवायची. स्टीलचा डबा वरून गोल, समोरून आयत. दोन्ही चित्रं एकत्र आली की तो थाळी नाही आणि पेटीही नाही हे कळतं.

घराच्या बाबतीत ते जोडीचं चित्र म्हणजे सेक्शन, उभा काप. जिन्यावरच्या बीमखालून उंच माणूस न वाकता जाईल का, माळ्याखाली पंखा बसेल का, याची उत्तरं तिथे फूट-इंचांत लिहिलेली असतात. आर्किटेक्टकडे ते तयारच असतं. फक्त जिन्यातून जाणारा काप मागून घ्या; एरवी काप कुठून घेतला, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.