नाताळ 25 डिसेंबरला संपत नाही

'पंचवीस तारीख झाली, नाताळ संपला' हा समज इतका रुजलाय की अनेक भाविकही तसंच मानतात. चर्चच्या पंचांगात मात्र त्या दिवशी नाताळ सुरू होतो. आधीचे साधारण चार आठवडे आगमनकाळाचे असतात. ते वाट पाहण्याचे, प्रार्थनेचे आणि पश्चात्तापाचे दिवस. नाताळचे पारंपरिक बारा दिवस त्यानंतर 5 जानेवारीपर्यंत चालतात आणि 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण (एपिफनी) येतो, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याची आठवण. रोमन कॅथलिक चर्चमध्ये तर हा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत लांबतो.

दुसरा गैरसमज मला जास्त बोचतो. नाताळात दुःखी असणं म्हणजे श्रद्धा कमी, असं शोकात बुडालेल्या माणसाला ऐकवलं जातं. पण याच दिवसांत काय येतं पाहा. 26 डिसेंबरला पश्चिमेकडील चर्च संत स्तेफनाचं स्मरण करतं. दगडांनी ठेचून मारलेला हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा. 28 तारखेला येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं आठवली जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांच्यासाठी रडणारी राहेल, इस्राएलची पूर्वज माता, आहे आणि तिचं सांत्वन होत नाही. खुद्द येशूला घेऊन योसेफ आणि मरीया रातोरात इजिप्तला पळाले.

लूकच्या शुभवर्तमानात देवदूताने 'मोठ्या आनंदाची' वार्ता रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना दिली. आधी हसून दाखवा, अशी अट त्यांना घातली नव्हती. म्हणून ज्यांना यंदा गाणी म्हणवत नाहीत, त्यांनी प्रार्थनेला बिनधास्त यावं, रडत आले तरी.