सोल्डरच्या सांध्यामागची शंभर वर्षं

कोल्हापुरात "मी क्वालिटीत आहे" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे माल पास-नापास करता?" त्याचं चुकत नाही. ऊस, गुऱ्हाळं आणि पाण्याच्या पंपांमुळं इथं ऑइल इंजिनांची दुरुस्ती आली, मग इंजिनंच बनू लागली. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांमागोमाग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या. कास्टिंगवर हातोडीचा ठोका मारून आवाज ऐकायचा, ब्लोहोल दिसला की तुकडा बाजूला काढायचा, ही या गावाला ठाऊक असलेली क्वालिटी. त्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण माझं काम इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं; तिथं माल बाजूला काढण्याआधीच बिघाड थोपवायचा असतो, आणि हा विचार टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्यातून आला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात तपासणी करणाऱ्यांची फौज होती, तरी दोष कमी होत नव्हते. 16 मे 1924 रोजी त्याच कंपनीतल्या वॉल्टर शूहार्टनं आपल्या वरिष्ठांना एक पानी टिपण दिलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असतोच. त्यातला नेहमीचा कोणता आणि काहीतरी बिनसल्याचा कोणता, हे आलेखावरून ओळखायचं. पुढं क्वालिटीतलं मोठं नाव झालेले जुरान त्याच वर्षी त्याच कारखान्यात रुजू झाले. जपानला क्वालिटी शिकवून नावाजलेले डेमिंगही त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत उन्हाळ्यात तिथं काम करून गेले. आपल्याकडं महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 च्या हिवाळ्यात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. जपानचं नाव सगळे घेतात, ही भेट मात्र कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढं इलेक्ट्रॉनिक्सला स्वतःची भाषा लागली. प्रिंटेड सर्किट बनवणाऱ्यांची आयपीसी ही संघटना 1957 ची, आणि सोल्डरचा चांगला सांधा कोणता, चालण्याजोगा कोणता, नापास कोणता हे चित्रांसह सांगणारं तिचं 610 मानक 1983 चं. खेळण्यातल्या बोर्डाला आणि जीव वाचवणाऱ्या यंत्रातल्या बोर्डाला एकच माप लावू नये म्हणून त्यात तीन वर्ग ठेवले आहेत.

मग 1 जुलै 2006 पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आली. 63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिसं असलेलं जुनं सोल्डर 183 अंशांना वितळायचं, बिनशिशाचं मिश्रण 217 च्या आसपास. बोर्ड सोल्डर करणाऱ्या भट्टीचं तापमान वाढलं, पण चिप सोसेल ती मर्यादा तेवढी वाढली नाही, त्यामुळं प्रोफाइल, म्हणजे भट्टीत बोर्ड कसा तापत जाईल ते, बसवताना मिळणारी मोकळीक आक्रसली. नवा सांधा मळकट दिसू लागला. चकचकीत म्हणजे चांगला, असं डोक्यात बसलेल्या लोकांनी चांगले बोर्डही नापास केले असते. शिवाय बीजीए नावाच्या चिपचे सांधे तिच्या पोटाखाली असतात. तिथं डोळा पोचत नाही, क्ष-किरण लागतात. सीनियर क्वालिटी इंजिनिअरचा बराच वेळ त्यामुळं बोर्ड बघण्यापेक्षा सोल्डरची पेस्ट, ती बोर्डावर उमटवायची स्टेन्सिल आणि भट्टी यांच्या मागं जातो.

आपल्या भागात यात पावसाची भर पडते. चिपचं प्लॅस्टिक ओलावा पितं. ओलावा किती सोसते यावरून चिपला एमएसएल हा दर्जा देतात; एमएसएल-3 ची चिप पाकिटातून काढल्यावर 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत 168 तास बाहेर राहू शकते, त्याआधी ती भट्टीत जायला हवी. कोल्हापूरच्या जुलैत, हवेवर ताबा नसलेल्या खोलीत, तो हिशोब कोलमडतो. भट्टीत त्या ओलाव्याची वाफ होते आणि चिप आतून उकलते. बोर्ड चाचणीत पासही होतो, आणि गिऱ्हाइकाकडं काही महिन्यांनी बंद पडतो. म्हणून चिपची रील उघडली की आधी लेबलावर तारीख-वेळ लिहायची, उरलेली ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवायची, मुदत टळली तर बेक करून ओलावा काढल्याशिवाय मशीनला लावायची नाही. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, सोल्डरिंग नंतर.