लाखभर किलोमीटर झालेल्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर ऑईल बदलावे की नाही?

ज्यांनी ऑटोमॅटिक गाडी सेकंड हँड घेतलेली आहे, असे ग्राहक आम्हाला एक प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला विचारतात. गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे, गिअरबॉक्सचे तेल आजवर कधी बदलले याची नोंद नाही आणि आता बदलले तर गिअरबॉक्स बंद पडेल असे कोणीतरी सांगितले आहे. मग काय करावे? काउंटरवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थही बदललेला असतो, म्हणून ते येथे लिहून देत आहोत.

गिअरबॉक्स आज व्यवस्थित चालत असेल तर तेल अवश्य बदलावे, मात्र ते टप्प्याटप्प्याने बदलावे. गिअरबॉक्स आधीच स्लिप होत असेल, म्हणजे इंजिन फिरूनही ताकद चाकांपर्यंत नीट पोहोचत नसेल, तर नुसत्या तेलाने तो सुधारेल या आशेवर पैसे घालवू नयेत. निर्णय गिअरबॉक्सच्या आजच्या अवस्थेवर होतो. ओडोमीटरवरचा आकडा त्यात दुय्यम आहे.

हे तेल नेमके काय करते

इंजिन ऑईलचे मुख्य काम वंगणाचे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला, म्हणजे एटीएफला, त्याहून अधिक कामे करावी लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद याच तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते, वॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल कोठे जाईल ते ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांमधून याच तेलाचा दाब क्लच प्लेटांपर्यंत पोहोचतो आणि आत निर्माण होणारी उष्णता कूलरपर्यंत तेच वाहून नेते. शिवाय त्याने दातेरी चक्रांवर घसरू द्यायचे आणि क्लच प्लेटांवर मात्र मोजकेच घसरू देऊन पकड बसवायची, अशी दोन परस्परविरोधी कामे त्याच्याकडे असतात. हे घर्षण जमवण्यासाठी तेलात वेगळी द्रव्ये मिसळावी लागतात. थोडे अवांतर म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी चक्क स्पर्म व्हेलचे तेल वापरले जात असे, आणि त्यावर बंदी आल्यावर कृत्रिम पर्याय शोधताना तेथील कंपन्यांची दमछाक झाली. आजची द्रव्ये कृत्रिम आहेत, पण उष्णतेने तीही संपतात. गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमध्ये तेल पुरेसे दिसत असले तरी त्यातील हा गुण शिल्लक असेलच असे नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सर्वांत जास्त उष्णता कमी वेगात, सतत थांबत-निघत चालताना निर्माण होते. सकाळी हिंजवडीच्या रांगेत पाऊण तास घालवणाऱ्या गाडीच्या ओडोमीटरवर जेमतेम दहा-बारा किलोमीटर चढतात, पण तिच्या तेलाने तेवढ्यात सोसलेली उष्णता महामार्गावरच्या शंभर किलोमीटरपेक्षा जास्त असू शकते. एप्रिल-मे महिन्यांत भरल्या गाडीने कात्रज किंवा खंबाटकी घाट चढणाऱ्यांचेही तसेच. त्यामुळे शहरातच फिरलेली साठ हजार किलोमीटरची गाडी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धावलेली एक लाखाची गाडी, यांपैकी पहिलीचे तेल जास्त खराब निघाले तर आम्हाला नवल वाटत नाही.

भीती कोठून आली

तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला, ही तक्रार करणारे खोटे बोलत नाहीत. बहुतेक वेळा क्रम बरोबर सांगितलेला असतो, कारण मात्र चुकते. बरेच लोक गाडी झटके देऊ लागल्यावर किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी ओढेनाशी झाल्यावरच तेलाचा विचार करतात. तोपर्यंत क्लच प्लेटांवरचे अस्तर झिजलेले असते आणि त्याचा भुगा जुन्या तेलात तरंगत असतो. झिजलेल्या प्लेटांना या भुग्याची थोडीफार पकडही मिळत असते. नव्या स्वच्छ तेलाबरोबर ती जाते आणि जे दोन महिन्यांनी होणार होते ते दोन दिवसांत होते.

दुसरे कारण खरोखर कामाच्या पद्धतीत असते. नव्या तेलातील साफ करणारी द्रव्ये, आणि त्याहून अधिक म्हणजे मशीन लावून दाबाने केलेले फ्लशिंग, वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ उठवते. तो गाळ वॉल्व्ह बॉडीच्या वाटेत किंवा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) जाळीत अडकला, की सुरळीत चालणारी गाडीसुद्धा अडखळू लागते. म्हणून पूर्वीची नोंद नसलेल्या गाडीवर आम्ही दाबाचे फ्लशिंग करत नाही आणि तेलात आधी ओतायचे सफाईचे रसायनही वापरत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तरी आमचे उत्तर हेच राहते.

आम्ही काय पाहतो

प्रथम गाडी गरम करून चालवून पाहतो. डी किंवा आर टाकल्यावर गाडीने पकड घ्यायला किती वेळ लावला, चढावर गिअर बदलताना इंजिनाचे आरपीएम मध्येच वर गेले का, हे तपासतो आणि स्कॅनरवर जुने फॉल्ट कोड वाचतो. त्यानंतर थोडे तेल पांढऱ्या कागदावर घेतो. बहुतेक एटीएफ नवे असताना लाल असते, पण काही सीव्हीटीची (पट्टा आणि पुल्यांवर चालणाऱ्या गिअरबॉक्सची) तेले हिरवट किंवा पिवळसर येतात, तेव्हा नुसत्या रंगावरून काही ठरत नाही. तपकिरी झालेले तेल जुने असते. काळे पडलेले आणि फोडणी करपल्यासारखा वास येणारे तेल आतल्या प्लेटा जळत असल्याचे सांगते.

मागील हिवाळ्यात एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली एक सेडान आमच्याकडे आली होती. तेल चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे दिसत होते आणि मालक घाबरलेले होते. चेंबर उघडल्यावर तळाच्या लोहचुंबकावर राखुंडी भिजवल्यासारखा मऊ, राखाडी लेप निघाला. बोटांत चोळून पाहिला तर कण लागत नव्हता. हा लेप नेहमीच्या झिजेचा असतो आणि इतक्या किलोमीटरनंतर तो नसता तरच शंका आली असती. त्याच जागी चमकणारे धातूचे तुकडे किंवा टोचणारे कण मिळाले असते, तर आम्ही तेल न भरता आधी मालकांना फोन केला असता.

अशा गाडीचे तेल आम्ही ड्रेन नट काढून आपोआप गळेल तेवढेच काढतो आणि तेवढेच नवे भरतो. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकलेले असल्याने एका वेळी पूर्ण तेल निघत नाही. उदाहरणार्थ, एकूण सात लिटरपैकी तीन लिटर निघत असेल, तर पहिल्या वेळी सुमारे ४३ टक्के, दुसऱ्या वेळी ६७ टक्के आणि तिसऱ्या वेळी ८१ टक्के तेल नवे होते. दोन वेळांमध्ये साधारण एक हजार किलोमीटर गाडी चालवावी. यात थोडे तेल वाया जाते आणि ग्राहकाला तीनदा यावे लागते हे आम्हाला मान्य आहे, पण गाळ हळूहळू बाहेर येतो आणि मध्येच काही वेगळे जाणवले तर थांबता येते. फिल्टर चेंबरमध्ये असेल तर पहिल्याच वेळी पॅकिंगसह बदलतो; काही गाड्यांत तो गिअरबॉक्स पूर्ण उघडल्याशिवाय हाती लागत नाही, तेथे आहे तसा ठेवतो.

तेलाची पातळी कंपनीने ठरवलेल्या तापमानालाच मोजावी लागते. कमी भरले तर पंप हवा ओढतो, जास्त भरले तर फेस होतो आणि दोन्हींचा परिणाम दाब पडण्यात होतो. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, म्हणून हे काम घरी करण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

‘लाईफटाईम’ तेल आणि तेलाची निवड

काही गाड्यांच्या पुस्तिकेत हे तेल आयुष्यभरासाठी आहे असे लिहिलेले असते. ते कोणाचे आयुष्य, हे मात्र लिहिलेले नसते. अनेक युरोपीय गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचे तेल फार तर आठ वर्षांत बदलावे असे सुचवते. वॉरंटीत असलेल्या गाडीचे काम मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावे.

सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुल्यांच्या घर्षणावर चालतो आणि त्यासाठी तेल वेगळे असते; त्यात साधे एटीएफ घातले तर पट्टा घसरून पुल्यांवर चरे पडतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीएसजी या दोन क्लचच्या गिअरबॉक्सपैकी ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या सहा गिअरच्या प्रकाराला दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलणे ठरवून दिलेले आहे. एएमटी, म्हणजे २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेला प्रकार, मुळात क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असल्याने या पत्रकातील बरीचशी भीती त्याला लागू होत नाही. सर्व गाड्यांना चालणारे म्हणून विकले जाणारे तेल आम्ही वापरत नाही. आपण नाना पेठेतून स्वतः तेल आणणार असाल तर पक्के बिल घ्यावे आणि डबा आमच्यासमोर उघडू द्यावा.

पावसाळ्यातील एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. भिडे पुलाखाली किंवा नदीकाठच्या सोसायटीत गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून, पाणी आत जाऊ शकते. असे तेल स्ट्रॉबेरी मस्तानीसारखे गुलाबी आणि दुधाळ दिसते. पाण्याने क्लचच्या अस्तराचा डिंक सुटतो, म्हणून अशी गाडी चालू न करता टोइंग करून आणावी. येथे टप्प्याटप्प्याची पद्धत चालत नाही. सर्व तेल त्याच वेळी काढावे लागते. पूर न येताही तेल असे दिसले, तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट मिसळलेले असते.

कामासाठी गाडी सकाळी आणावी आणि अर्धा दिवस ठेवावी. निघालेले तेल नितळ बाटलीत भरून आम्ही आपल्याला दाखवतो. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते, म्हणून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच देतो. तेल बदलल्यानंतर दोन-तीन दिवस गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील, कारण गाडीच्या संगणकाने जुन्या तेलाची सवय लावून घेतलेली असते. आठवड्यानंतरही तसेच वाटले तर गाडी पुन्हा घेऊन यावी, तपासणीचे पैसे लागणार नाहीत.