पोटाला पिशवी नाही, मग लक्ष कुठे ठेवायचं?

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार) औषधांना दाद देईनासा झाला की सर्जन मोठं आतडं आणि गुदाशय काढतात. मग लहान आतड्याचं टोक दुमडून 15 ते 20 सेंटिमीटरचा पाऊच शिवतात आणि तो गुदद्वाराशी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी 1978 साली ही शस्त्रक्रिया मांडली. 'जे' आकाराचा पाऊच पुढे जपानच्या उत्सुनोमियांनी आणला.

जोड भरून येईपर्यंत सहसा पोटावर तात्पुरता स्टोमा ठेवतात, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मल बाहेरच्या पिशवीत घेतात. निवडक रुग्णांत तो टाळतात. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल, अंगात रक्त कमी असेल, तर सर्जन हा धोका पत्करत नाहीत. "पिशवी लागणार नाही" म्हटल्यावर घरचे हुश्श करतात, आणि ते साहजिकच आहे. स्टोमातून पाणी-मीठ वाहून जाऊन किडनीवर ताण येऊ शकतो. तो बंद करायला पुन्हा ऑपरेशन लागतं, ते वेगळंच.

पण स्टोमाचं मुख्य काम जोडाची गळती रोखणं नव्हे. गळती झालीच तर तिचा उपद्रव कमी करणं. तो नसला की सगळी मदार गळती वेळीच ओळखण्यावर. म्हणून राउंडला डॉक्टर "गॅस सुटला का?" विचारतात, पण डोळे नाडीच्या आकड्याकडे असतात. ताप यायच्या आधीच ती शंभराच्या वर रेंगाळू शकते. जोडीला ओटीपोटात किंवा माकडहाडाशी दुखणं, पुन्हा फुगलेलं पोट, चौथ्या-पाचव्या दिवशीही न उतरणारा सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) दिसला की सीटी स्कॅन होतो. लहानसा पू अँटिबायोटिक्स आणि नळीने निभावतो. पसरला तर पुन्हा ऑपरेशन थिएटर, आणि टाळलेला स्टोमा तेव्हा करावाच लागतो. ही शक्यता आधीच बोलून ठेवलेली बरी.

घरी आल्यावर खरी कसोटी संडासाची. पाणी शोषणारं मोठं आतडंच नाही, त्यामुळे सुरुवातीला दिवसाला दहाहून जास्त फेऱ्या होतात. वर्षभरात त्या बहुतेकांच्या पाच ते आठांवर येतात. तोवर मऊ भात, केळं, ओआरएस, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, जुलाब आवरणारं लोपरामाइड आणि जळजळीवर झिंक ऑक्साइडचं मलम. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नाही, हे कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्याने धरूनच चालावं. कामावर रुजू व्हायची घाई नको.

फेऱ्या स्थिरावल्यावर काही महिन्यांनी अचानक वाढल्या, कळ येऊ लागली, तर तो पाऊचायटिस, म्हणजे पाऊचला आलेली सूज, असू शकतो. वडापाववर खापर फोडून केमिस्टकडून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.