‘एथवर’ : काळजीच्या रात्री जुने उपकार मोजायची रीत कुठून आली?

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना ‘जेवलास का’च्या आधी ‘बंधाऱ्याला किती फूट?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून नदीकाठच्या माणसाला रात्री दोन वाजता जाग आली तर हात आधी मोबाइलकडे जातो. आकडा वाढलेला असो वा नसो, झोप गेलेलीच असते.

आमच्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. २००५ ची खडूने ओढलेली, आता दिसते न दिसते. २०१९ ची आईने लाल ऑइलपेंटने मारलेली, आणि तिच्याजवळ २०२१ ची. घरी येणाऱ्याला आई बोट लावून दाखवते : ‘पाणी इथवर आलं होतं.’ कितीतरी वर्षं मी हे वाक्य नुसतं ऐकत होतो. मग एका रविवारी चर्चच्या भक्तीत बायबलातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचला गेला आणि तोच शब्द जुन्या वळणाने कानावर आला : ‘एथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे.’ पुराच्या रेघेचा आणि उपकाराच्या दगडाचा शब्द एकच निघाला. या टिपणाला निमित्त तेवढंच.

आमच्या ख्रिस्ती मंडळींत ‘काळजी करू नका, देवाने आजवर काय काय केलं ते आठवा’ हे इतक्या सहज सांगितलं जातं की ते कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. सांगणाऱ्याला बहुतेक वेळा काळजी नसते, ही गोष्ट वेगळी. मुळात हा उपदेश सुखवस्तू माणसांनी शोधलेला नाही. इस्राएलांचा संदेष्टा शमुवेल याने मिस्पा आणि शेन या दोन ठिकाणांच्या मध्ये दगड उभा केला, तो शेजारच्या शत्रूंना, पलिष्ट्यांना, मागे रेटल्यावर. त्याला नाव दिलं एबन-एजर. हिब्रूत त्याचा अर्थ साहाय्याचा दगड.

पण त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय काढून बघा. तिथे इस्राएलांची छावणी एबन-एजरजवळ पडली होती आणि त्याच लढाईत त्यांचा धुव्वा उडाला होता. एकदा हरल्यावर त्यांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणांगणात आणला. पूर्वी देवाने तारलं, तर आताही ही पेटी जवळ असली की तारेल, असा हिशेब. कोश आला तेव्हा छावणीने एवढा जयघोष केला की जमीन दणाणली, असं लिहिलंय. आणि तरी तीस हजार पायदळ पडलं, कोश शत्रूने नेला. म्हणजे दगडाला जे नाव मिळालं ते पराभवाच्या आठवणीतलं. तो कोश परत येऊन किर्याथ-यारीमात राहिला त्याला वीस वर्षं झाली, त्यानंतरची ही दगडाची गोष्ट.

मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि प्रवचनात तो सहसा गाळला जातो. मागचे उपकार आठवणं म्हणजे विम्याची पावती दाखवणं नव्हे. ‘मागच्या वेळी वाचलो म्हणून याही वेळी वाचणार’ असं मानणाऱ्यांचं काय झालं, ते चौथ्या अध्यायात आहे. २०१९ मध्ये आमच्या गल्लीतही ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आता काय लागतंय’ म्हणणारे होतेच. आणि ‘एथवर’ हा शब्द बघा किती तोलून वापरलाय. इथपर्यंत. उद्याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

रीत शमुवेलाच्याही आधीची आहे. यार्देन नदी ओलांडताना इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलायला लावले आणि ते गिलगालला रचले. कारणही तिथेच दिलंय : पुढे तुमची मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय? तेव्हा सांगता यावं म्हणून. त्याच्याही मागे अरण्यातला मान्ना, म्हणजे देवाने इस्राएलांना दिलेलं रोजचं अन्न. तो ज्या दिवसाचा त्या दिवशी गोळा करायचा. कुणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट, आणि तो नासत नसे. आणि तरीही एक ओमर (एक माप) मान्ना भांड्यात घालून पिढ्यान्‌पिढ्या ठेवून द्यायला सांगितलं. साठवलेला नासतो, आठवणीसाठी ठेवलेला टिकतो. गोष्ट रचणाऱ्याने की घडवणाऱ्याने, ज्याने कुणी केलं त्याने, हे फार बारीक विणलंय.

रात्री जागणाऱ्यांसाठी मात्र खरी जागा बायबलातलं स्तोत्र ७७. आसाफाच्या नावचं. त्यातला माणूस रात्रभर हात पसरून आहे, डोळ्याला डोळा नाही, कुणी समजूत काढली तर ती नको आहे. देव दया करायला विसरला काय, असं तो सरळ विचारतो. मग अकराव्या ओवीला वळण येतं : मी परमेश्वराची कृत्यं आठवीन. आठवतो काय, तर समुद्र दुभंगल्याची गोष्ट. तिथेही शेवटाकडे म्हणतो की तुझी वाट महाजलांतून होती आणि तुझी पावलं उमटलेली दिसली नाहीत. स्तोत्र तिथेच जवळजवळ संपतं. आसाफाची अडचण सुटली का, हे लिहिलेलं नाही.

नव्या करारातली ‘उद्याची चिंता करू नका’ ही ओवी सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा शेवट कमी लोक म्हणतात : ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ दुःख नाही असं येशू म्हणत नाही, फक्त त्याचे वाटे करतो. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, कशाचीही चिंता करू नका म्हणून लिहिलं, ते बेड्यांत असताना. तो नुसतं ‘मागा’ म्हणत नाही, आभारप्रदर्शनासह मागा म्हणतो. मागणं आणि आभार एकाच श्वासात.

हे सगळं मराठीत आलं ते टप्प्याटप्प्याने. १८११ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला नवा करार मराठीत छापला गेला, पुढे संपूर्ण बायबल मराठीत झालं. कोल्हापुरात रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. त्यांच्या नावचं चर्च आजही शहरात आहे, आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला. भाषांतर करणाऱ्यांना मराठीतले शब्द आयते मिळाले. त्यांतला ‘चिंता’ मजेशीर. ‘चिंता’ आणि ‘चिंतन’ दोन्ही एकाच धातूचे, चिंत् म्हणजे विचार करणे. मन घोळवायचं काम तेच. उद्याला घोळवलं तर चिंता, झालेल्याला घोळवलं तर चिंतन.

दुसरा शब्द ‘उपकारस्तुती’, म्हणजे देवाचे आभार मानणं. बाहेरच्या मराठीत तो फारसा चालत नाही, पण आमच्याकडे घराघरात आहे. दवाखान्यातून कुणी घरी आलं, पोरगी बारावी पास झाली, नवं घर झालं, की पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची. वर्षाच्या शेवटच्या रात्री भक्तीत एकेकाने उठून साक्ष द्यायची. साक्ष कधीकधी अर्धा तास चालते आणि मागच्या बाकावरची पोरं पेंगतात. त्यालाही परंपरा आहे म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या धर्मात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने दिसते. आषाढात गल्लीगल्लीतून त्र्यंबोली ऊर्फ टेंबलाई देवीची यात्रा निघते. पंचगंगेचं नवं पाणी कलशांत भरून, पी ढबाक या पारंपरिक वाद्याच्या तालावर, टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. जी नदी पुढच्या पंधरवड्यात दारात येईल की काय अशी धास्ती असते, तिचंच पहिलं पाणी वाजतगाजत डोक्यावरून न्यायचं. ज्योतिबाला गुलालात न्हाऊन ‘चांगभलं’ म्हणणारा भाविकही बहुतेकदा फेडायला आलेला असतो. नवस फेडणं आणि उपकारस्तुती यांत फरक आहे. नवसात आधी बोली असते, उपकारस्तुतीत नसते. पण मागे वळून पाहायची सवय दोन्हीकडे सारखीच मुरलेली आहे.

एक आक्षेप नेहमी येतो : असं आठवत बसलं की माणूस हातपाय हलवत नाही. याला उत्तर द्यायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि दोनच वर्षांत दुष्काळ, त्यापाठोपाठ प्लेग. त्या राजाने १९०८ च्या सुमाराला भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम काढलं. १९२२ मध्ये ते गेले तेव्हा धरण पुरं झालेलं नव्हतं, पुढे कित्येक वर्षांनी झालं. आज पावसाळ्यात त्याच धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खाली आमची धडधड वाढते, ही नियतीची गंमत. पण उन्हाळ्यात उसाला पाणी मिळतं तेही तिथूनच. काळजी घेणं आणि काळजी करणं यांना मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत. ती जपून वापरावीत एवढंच.

गेल्या दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. रंगारी जिन्याखाली आला आणि थबकला. लाल रेघेच्या खाली आईने २०१९ मध्येच पेन्सिलीने बारीक अक्षरांत यादी केलेली आहे. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, शहराचा बाहेरशी संबंध तुटलेला, त्या आठवड्यात आम्हांला कुणी काय दिलं त्याची. दूध कुणी आणलं, भाकरी कुठल्या तालमीतून आल्या, म्हातारीला पाठुंगळी मारून कुणी बाहेर काढलं. त्यांतले दोघेतिघे आता हयात नाहीत.

‘काकू, हे घासून काढू न्हवं? डाग दिसाय लागलेत.’

‘नको. बाकीचा रंग मार, हा एवढा पट्टा सोड.’

पोरगं विशीचंही नसेल, बाहेरगावचं. त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि रेघेकडे बघत विचारलं, ‘पर हे हाय काय?’

आई म्हणाली, ‘बस. चहा टाकलाय, सांगते.’