प्लॅटिनेरीस ड्युमेरिली

वलयी प्राणिसंघातील पॉलिकीटा वर्गाच्या नेरीडिडी कुलातील एक सागरी कृमी. भूमध्य समुद्रात आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यालगत उथळ पाण्यातील शैवलांमध्ये तो आढळतो. लांबी साधारणतः २ ते ६ सेंमी. असते. पार्श्वपादांतील (शरीराच्या दोन्ही बाजूंच्या पायांसारख्या अवयवांतील) ग्रंथींमधून स्रवणाऱ्या रेशमी धाग्यांची नळी करून तो तीत राहतो. डोके बाहेर काढून आसपासचे शैवल व कुजके कण खातो आणि जरा चाहूल लागली की सर्रकन आत शिरतो.

डोक्याचे दोन भाग असतात. पुढच्या भागावर, म्हणजे पुरोमुखावर, दोन आखूड स्पर्शक, दोन जाडसर संस्पर्शक आणि वरच्या अंगाला डोळ्यांच्या दोन जोड्या असतात. त्यामागील परिमुखावर लांब संवेदी तंतूंच्या चार जोड्या असून त्या सतत पाणी चाचपत असतात. पुढे सारख्याच दिसणाऱ्या खंडांची माळ. नवे खंड शेपटाच्या टोकाअलीकडे तयार होतात, त्यामुळे सर्वांत मागचा खंड वयाने सर्वांत लहान असतो. शेपूट तुटले तर पुन्हा येते. डोके येत नाही.

प्रत्येक खंडाला पार्श्वपादांची एक जोडी असते. पार्श्वपाद म्हणजे दोन पाळ्यांचे मांसल वल्हेच; आतून त्याला काळसर, जाड आधारशूकांचा टेकू असतो आणि बाहेर दृढरोमांचे, म्हणजे ताठ केसांचे, झुबके. वर्गाचे नाव या दृढरोमांवरूनच पडले आहे आणि ते जवळून पाहण्यासारखे आहेत. एकेक दृढरोम एकाच कोशिकेच्या देखरेखीखाली घडतो. त्या कोशिकेच्या पृष्ठावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्या भोवताली कायटिनाचे (कीटकांच्या कवचातही असणाऱ्या चिवट पदार्थाचे) थर साचतात आणि उंचवटे मागे सरले की त्यांच्या जागी पोकळ नलिका उरतात. म्हणून दृढरोमाचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. बहुतेक दृढरोम जोडांचे असतात : एक दांडा आणि त्याच्या खोबणीत बसवलेले पाते. पाते लांब व निमुळते आहे की आखूड व आकडेबाज, खोबणीच्या दोन्ही कडा सारख्या आहेत की एक वर आली आहे, या बारकाव्यांवर जाती ओळखण्याचे बरेच काम चालते.

ग्रसनी (घशाचा भाग) मोज्यासारखी उलटून बाहेर येते. तिच्या टोकाला दातेरी जंभांची (जबड्यांची) जोडी असते आणि भिंतीवर बारीक दात. वर्गीकरणासाठी ग्रसनीचे आठ विभाग मानून त्यांना क्रमांक दिले आहेत. नेरीस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) हे दात सुट्या शंकूंसारखे असतात, तर प्लॅटिनेरीसमध्ये बारीक काड्या ओळीने रचून फणीसारख्या दिसतात. प्रजातीची ही मुख्य खूण होय. आतली रचना कुलातील इतर कृमींप्रमाणेच : बंदिस्त रक्ताभिसरण, रक्तद्रवात विरघळलेले हीमोग्लोबिन, जवळजवळ प्रत्येक खंडात वृक्ककांची (उत्सर्जक नलिकांची) जोडी आणि पोटाकडून जाणारा शिडीसारखा तंत्रिकारज्जू (मज्जातंतूंचा दोर).

पक्व होताना हे शरीर ओळखू येणार नाही इतके पालटते. डोळे मोठे होतात, आतडे झडते, मागील पार्श्वपाद पोहण्याजोगे रुंद होतात. नर पुढून पांढुरका व मागून लाल, मादी पिवळी. रात्री पृष्ठभागावर येऊन ती एकमेकांभोवती झपाट्याने गिरक्या घेतात. मादीकडून पाण्यात आलेले यूरिक अम्ल नराला शुक्राणू सोडण्याचा इशारा देते. अंडी व शुक्राणू सोडले की दोघेही मरतात. पौर्णिमेच्या आसपास हे मीलन जवळजवळ थांबते. प्रयोगशाळेत दर महिन्याला काही रात्री मंद दिवा लावला तरी कृमी त्यालाच चंद्र मानून वेळ साधतात. साधारण एका दिवसात अंड्यातून ट्रोकोफोर नावाचा पोहणारा डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) तयार होतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला तीन खंड असतात. डिंभाचा डोळा अवघ्या दोन कोशिकांचा असतो, एक प्रकाशग्राही व एक रंगद्रव्याची. तरी प्रकाशाची दिशा कळायला तेवढे पुरते.

ऑदुइन व मिल्न एडवर्ड्झ यांनी १८३३ मध्ये या जातीचे वर्णन नेरीस प्रजातीत केले होते. १८६५ मध्ये किनबर्ग यांनी प्लॅटिनेरीस ही प्रजाती स्थापली. जात मूळ प्रजातीतून हलली की आद्य वर्णनकर्त्यांची नावे कंसात लिहिण्याचा नियम आहे, म्हणून या जातीच्या शास्त्रीय नावापुढेही ती कंसात येतात. गण फायलोडोसिडा. त्यावरच्या पातळीला मात्र घोळ आहे. गांडुळे व जळवा पॉलिकीटांच्या शाखांमधूनच उगवल्याचे रेणवीय अभ्यासांतून दिसले असल्याने पॉलिकीटा हा वर्ग आता सोयीपुरताच उरला आहे. मुक्त फिरणाऱ्यांचा एरँशिया आणि बैठ्यांचा सेडेंटेरिया हे एकोणिसाव्या शतकातील जुने गट मात्र, काही फेरफारांसह, पुन्हा मान्य झाले आहेत. प्रस्तुत जात एरँशियात मोडते.

खालच्या पातळीवरही सारे निश्चित नाही. जगभरातून या नावाने नोंदलेले कृमी एकाच जातीचे नसावेत; दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे २०२० मध्ये वेगळ्या जातीचे ठरले. भूमध्य समुद्रातच प्लॅ. मॅसिलिएन्सिस ही जुळी जात आहे. ती आधी नर व नंतर मादी असते, पृष्ठभागावर नाचायला येत नाही, मोजकी मोठी अंडी नळीतच घालते आणि नर ती राखतो. एवढा फरक असूनही दोन्हींचे दात, दृढरोम व पार्श्वपाद सारखेच. बाटलीत जपलेला अपक्व नमुना त्यांपैकी कोणत्या जातीचा, हे नुसत्या रूपावरून सांगता येत नाही.